चिंधी एकाच डब्यात भरू नका : आमच्या औद्योगिक वसाहतीच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सर्व सभासद कारखानदार,
इचलकरंजी

विषय : वसाहतीतलं सगळं सूतवेस्ट आणि चिंधी एकाच ठेक्यात जळणासाठी देण्याचा ठराव थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही केलेला ठराव मला माझ्या शेडच्या दारावर चिकटवलेल्या नोटिशीतून कळला. दिवाळीनंतर वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याने सूतवेस्ट, चिंधी, मागाच्या कडेच्या दशा, गारमेंटचं कटिंग आणि मागाखालून झाडलेली पिंज असं सगळं एकाच डब्यात टाकायचं. एक ठेकेदार रोज संध्याकाळी तो डबा उचलणार, माल बॉयलरला जळण म्हणून जाणार आणि टनामागे वसाहतीला ठरावीक रक्कम मिळणार.

हा ठराव मला गप्प बसून मान्य करता येत नाही. पत्र तुम्हाला आहे, पण उघडपणे लिहिते आहे. या डब्यात काय जाणार आहे ते इचलकरंजीतल्या मागवाल्यांना, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यांना आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनाही कळायला हवं.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. १९ वर्षं मी वेस्ट निवडायची शेड चालवते. १४ बायका माझ्याकडे कामाला आहेत, त्यातल्या ९ जणींचं घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालतं. ठराव अमलात आला तर दिवाळीनंतर आमच्या शेडला कुलूप लागेल. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा आणि माझं म्हणणं तपासून घ्या.

माझी आई मागासाठी कांड्यांवर सूत भरायची. कारखान्यातून मिळालेल्या दशा ती घरी आणायची आणि रात्री त्यांची दावी वळायची. बेंदराच्या आधी पंधरा दिवस आमच्या दारात आसपासच्या गावांतले शेतकरी दावी, कासरे, म्होरक्या न्यायला यायचे. पिळाला कोणतं सूत धरतं आणि कोणतं निसटतं ते तिच्या बोटांना कळायचं. मागावर पॉलिस्टर आलं तेव्हा तिने ते दोरे बाजूला काढायला सुरुवात केली, कारण त्या दाव्याने बैलाची मान काचायची. कुणी तिला शिकवलं नव्हतं. दावं कुणाच्या गळ्यात जाणार आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती निवडत होती. मीही तेच काम करते, फक्त माझं गिऱ्हाईक बदललं आहे.

आपण 'वेस्ट' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच चूक सुरू होते. सूतगिरणीत कोंबरवर, म्हणजे कापूस विंचरायच्या मशीनवर, निघणारे आखूड तंतू, म्हणजे नॉइल, याला कचरा म्हणणंच चूक आहे. त्याचं ओपन-एंड नावाचं जाडं सूत निघतं, त्याचा औषधी कापूस होतो. आपल्या खिशातल्या नोटेचा कागदही लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या तंतूंचा असतो. मागावर बीम, म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रूळ, संपताना जी टोकं उरतात त्यांना खळ, म्हणजे कांजीसारखा लेप, लागलेली असते. ते सूत पिंजायला वेगळी, दातेरी रोलरची मशीन लागते आणि ते तेल नीट टिपत नाही. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताला खळ नसते, ते पटकन मोकळं होतं. गारमेंटच्या कटिंगमध्ये चार-पाच टक्के लायक्रा असली तरी पिंजताना ती रबरासारखी ताणते आणि रोलरला गुंडाळून बसते.

आणि रॅपियर या नव्या, बिनधोट्याच्या मागाच्या दशा. साध्या मागात धोटा बाण्याचा धागा परत फिरवून आणतो, म्हणून कड बांधीव होते. रॅपियरवर प्रत्येक धाग्याची टोकं कडेला बाहेर राहतात आणि कापली जातात. १६० सेंटिमीटर पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाला दोन्ही कडांचं मिळून ८ सेंटिमीटर गेलं, तर बाण्याच्या सुताचा जवळपास विसावा हिस्सा विणता विणताच खाली पडतो. हे सूत नवं, कोरं, तुम्ही रोख पैसे देऊन घेतलेलं असतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून या गावाने सुताचा धागा न् धागा मोजायला शिकून नाव कमावलं. साधे माग जाऊन रॅपियर येतील तशा या दशा वाढतच जाणार आहेत. त्या कुठे जातात हे कोणी मोजायचं?

यातला प्रत्येक माल वेगळा ठेवला तर प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. एकत्र मिसळला की एकच गिऱ्हाईक उरतं, ते म्हणजे भट्टी. तुमचा ठराव मिसळण्याचा आहे. माझी सगळी हरकत या एका गोष्टीला आहे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. शिरोलीकडच्या एका मशीनशॉपचे स्टोअरकीपर माझ्याकडे आले. त्यांना मशीन पुसायचं वेस्ट हवं होतं. तोवर ते लांबून मागवत होते, आणि तीस किलोमीटरवर सुताचे ढीग पडलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन गाड्या ठीक गेल्या. तिसरी परत आली. तिच्यात पॉलिस्टरच्या दशा मिसळल्या होत्या. नुकताच मशीनवरून उतरलेला गरम जॉब पुसताना ते दोरे वितळून एका कामगाराच्या तळव्याला चिकटले आणि मोठा फोड आला.

मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले. त्या पोराचा हात पाहिला. मग स्टोअरकीपरनी मला शॉपफ्लोअरवर नेलं आणि त्यांना काय लागतं ते दाखवलं. सुती हवं, खळीचं नको. टाचणी, बटण, तारेचा तुकडा चालणार नाही, कारण घासलेल्या पृष्ठभागावर चरे पडतात. आणि धागा लांब नको : मशीनचा चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना लांब दोरा अडकला तर त्याबरोबर हात ओढला जातो. सुताच्या धंद्यात आयुष्य गेलेलं असून हे शेवटचं मला माहीत नव्हतं. वस्त्रोद्योगातल्या कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

पॉलिस्टर कुठून आलं ते शोधलं. आपल्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात सुती आणि पॉलिस्टर माग शेजारी शेजारी होते आणि झाडणारा दोन्हीकडचं एकाच पोत्यात भरत होता. मालकांना सांगितलं. त्यांनी दोन पोती ठेवली, पॉलिस्टरच्या पोत्याला लाल दोरी बांधली. त्यानंतर त्या कारखान्याच्या मालाची एकही गाडी परत आलेली नाही. त्या मालकांचा मी मनापासून आदर करते आणि नव्या ठरावाने त्यांनाही ती दोन पोती पुन्हा एका डब्यात ओतावी लागणार आहेत.

पुसून झालेलं तेलकट वेस्ट हे २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते परवानाधारकाकडेच द्यावं लागतं. त्या मशीनशॉपने आता चिंधी वापरायचं प्रमाणही ठरवून दिलंय, कारण जितकी कमी वापरली तितका घातक कचरा कमी. माझा खप त्याने घटला, आणि तरीही मला ते बरोबर वाटतं.

आता तुमच्या ठरावाबद्दलच्या माझ्या तक्रारी.

तुम्ही कोणाला विचारलं नाही. वसाहतीत माझ्यासह तीन निवड-शेड आहेत, त्यातल्या एकाही शेडला सभेत बोलावलं नाही. फाउंड्रीवाले, गादीवाले, पिंजणीवाले यांना तर नाहीच.

तुम्ही कारण आगीचं दिलंत. मागच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीत चिंधीच्या ढिगाला आग लागली, दोन शेड काळ्या पडल्या. ती भीती खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. त्या रात्री मीही पाण्याच्या बादल्या वाहत होते. पण तो ढीग उघड्यावर, विजेच्या डबीखाली, तीन महिने पडून होता. कारण तो मिसळलेला होता आणि कोणी घेत नव्हतं. निवडलेला माल पडून राहत नाही, आठवड्याला उचलला जातो. आग टाळायची असेल तर ढिगाची उंची ठरवा, गाठी बांधायला लावा, विजेपासून अंतर राखा, वाळूच्या बादल्या ठेवा. हे नियम माझ्या शेडपासून लावा.

जळणाचं गणितही मला पटत नाही. किलोभर सुती चिंधी साधारण वाळलेल्या लाकडाइतकीच उष्णता देते. म्हणजे सूत जाळून तुम्ही लाकडाचं काम करून घेणार. आणि डब्यात फक्त सूत थोडंच असणार आहे? पॉलिस्टर असेल, रंगवलेलं कापड असेल, रेक्झिनसारखा पीव्हीसीचा थर दिलेले तुकडे असतील. पीव्हीसी साध्या बॉयलरमध्ये जळलं की क्लोरीनचे विषारी वायू निघतात, ते धुराड्यातून बाहेर पडून याच गावात उतरतात. आपली पोरं याच गावात शाळेत जातात.

यापेक्षाही मला जास्त बोचतं ते पाणी. किलोभर सुती कापडामागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, जगाची सरासरी १०,००० लिटर पाण्याची आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात पावसाच्या भरवशावर वाढलेला कापूस आपल्याकडे सूत होऊन येतो. इचलकरंजीत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पंचगंगेच्या पाण्यावरून आपण किती वर्षं भांडतो आहोत. अशा गावाने नवं कोरं सूत एका धाग्याचाही वापर न होता बॉयलरात घालावं, हे मला सहन होत नाही.

आणखी एक. आपल्यातलेच निर्यात करणारे काही सभासद परदेशी गिऱ्हाइकासाठी पुनर्वापरित सुताचं प्रमाणपत्र शोधत फिरतात. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड नावाच्या प्रमाणपत्रासाठी मालात किमान २० टक्के पुनर्वापरित तंतू लागतो आणि तो कुठून आला त्याची कागदोपत्री साखळी दाखवावी लागते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं सदस्य देशांवर बंधनकारक झालं आहे. म्हणजे गिऱ्हाईक वेगळं ठेवायला शिकतंय आणि आपण मिसळायला निघालो आहोत. आपल्या डब्यातला माल उद्या कोणत्या कारखान्याचा, कोणत्या सुताचा हे कोणी लिहून देऊ शकणार नाही. मग बाहेरून पुनर्वापरित सूत विकत आणायचं आणि घरचं जाळायचं, हे व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचं नाही.

राज्याच्या २०२३-२८च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच 'एकात्मिक आणि शाश्वत' हे शब्द आहेत. फॅशन फॉर गुड या संस्थेच्या २०२२च्या अहवालात भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापड-कचरा जमतो आणि त्यातला ४२ टक्के कारखान्यांतून, म्हणजे कापड गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधीच, निघतो असं म्हटलंय. सगळ्या कचऱ्यापैकी ५९ टक्केच पुनर्वापरातून परत वस्त्रोद्योगात येतो. घरातलं जुनं कापड गोळा करणं अवघड आहे, ते दारोदार पसरलेलं असतं. कारखान्यातला माल मात्र एका जागी, रोज, ठरावीक वेळी पडतो. देशभरात सगळ्यात सोपं जे आहे ते आपल्या हातात आहे.

हे कोणी करून दाखवलं नाही असंही नाही. चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायचं काम १८१३ साली इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी सुरू केलं. आज पानिपतचा मोठा बाजार त्यावर उभा आहे. आपल्या चिंध्या पंधराशे किलोमीटरच्या पुढे पानिपतला जातात आणि तिथली ब्लँकेटं आपल्या आठवडी बाजारात परत येतात. येण्याजाण्याचं भाडं आपण भरतो. पुण्यात हातकागद संस्था १९४०पासून सुती चिंध्यांचा कागद करते आहे. चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात. गाडीच्या गालिच्याखाली, दारात, इंजिनाजवळ आवाज अडवणारी जी जाड फेल्ट असते, ती पुष्कळदा पिंजलेल्या चिंध्यांचीच असते. त्यात सुती-पॉलिस्टर मिश्रणही चालतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोणी विचारत नाही नेमका तोच माल. चाकण इथून एका रात्रीच्या ट्रकच्या अंतरावर आहे. अशी फेल्ट कशी करायची, ती किती आवाज शोषते, किती पेट घेते हे तपासायला परगावी जायलाही नको. आपल्याच गावच्या राजवाड्यातल्या डीकेटीई या वस्त्रोद्योग शिकवणाऱ्या संस्थेत नॉनवोव्हन, म्हणजे न विणता केलेल्या, कापडाचं राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र आहे. आपली पोरं तिथे शिकतात, आणि आपला माल त्यांच्या दारावरून जळायला जातो.

मागाचे बिडाचे भाग याच भागातल्या फाउंड्रीतही ओतले गेले. फाउंड्री आणि सूत यांचं नातं नवं नाही. मधल्या काळात ओळख तुटली, ती पुन्हा करून द्यायची आहे.

माझ्याकडचंही एक खरं सांगायला हवं. निवडायचं काम धुळीचं आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दम लागतो, खोकला जात नाही. माझ्या शेडमध्ये पहिली दहा वर्षं बायका जमिनीवर बसून, तोंडाला पदर लावून काम करत होत्या आणि मी ते चालवून घेतलं. माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या मावशींना आज जिना चढवत नाही. नंतर मी उंच टेबलं केली, धूळ ओढणारे पंखे बसवले, मास्क सक्तीचे केले. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तेव्हा निवड-शेड आहेत तशाच ठेवा असं मी म्हणत नाही, त्यांच्यावर नियम घाला. पण माल तुमच्या कारखान्यातच वेगळा झाला तर या बायकांच्या नाकातोंडात जाणारी बरीच धूळ तिथेच थांबते, हेही ध्यानात घ्या.

माझ्या मागण्या अशा :

१. एका डब्याचा ठराव दिवाळीच्या आत स्थगित करा. ठेका देण्याआधी निवड-शेड, पिंजणीवाले, गादीवाले आणि माल विकत घेणारे कारखाने यांना एका सभेत बोलवा.

२. प्रत्येक कारखान्यात मागाशेजारीच पाच पोती ठेवणं सक्तीचं करा : पांढरं सुती बिनखळीचं, खळीचं सुती, रंगीत सुती, पॉलिस्टर आणि मिश्र, लायक्रा व थर दिलेलं. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची दोरी. झाडणाऱ्या कामगाराला त्यासाठी रोज लागणाऱ्या जास्तीच्या वेळेचे पैसे द्या. तो वेळ फुकट मागितला तर दोन आठवड्यांत सगळं पुन्हा एका पोत्यात जाईल.

३. दर महिन्याला कोणत्या कारखान्यातून कोणता माल किती किलो निघाला याचा तक्ता वसाहतीच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल असा लावा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतींच्या कारखानदार संघटनांना तो पाठवा आणि त्यांना काय लागतं, कोणत्या प्रतीचं, ते लेखी मागवा. तीन महिन्यांतून एकदा दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांच्या शॉपफ्लोअरवर जावं. सभागृहातल्या बैठकीत हे होत नाही.

४. मिश्र मालाची फेल्ट करून पाहण्यासाठी नॉनवोव्हन केंद्राकडे वसाहतीतर्फे नमुने द्या. गाड्यांसाठी चालते का पाहा, आणि ऊसाच्या रोपवाटिकांत तण रोखायला बिनरंगी सुती फेल्ट अंथरून पाहा. जमलं नाही तर तेही जाहीर करा.

५. मोकळा पडलेला कोपऱ्यातला गाळा सामाईक निवड-केंद्रासाठी द्या. त्यात उजेड, धूळ ओढणारी यंत्रणा, टेबलं, स्वच्छतागृह आणि निवडणाऱ्या बायकांची वर्षातून एकदा छातीची तपासणी असावी. भाडं आम्ही तिन्ही शेड मिळून भरू.

६. जे खरंच कुठेच चालत नाही तेवढंच जाळायला द्या, आणि तेही धूर तपासला जातो अशाच ठिकाणी. पीव्हीसीचा थर दिलेलं कापड कोणत्याही बॉयलरला देऊ नका.

निवडलेल्या पांढऱ्या सुताला मिसळलेल्या मालाच्या कितीतरी पट भाव मिळतो. माझ्या शेडची १९ वर्षांची खरेदी-विक्रीची वही मी सभेपुढे ठेवायला तयार आहे. ठेकेदाराने टनामागे देऊ केलेली रक्कम तिच्याशी ताडून पाहा. त्यात माझा नफाही दिसेल. तो जास्त वाटला तर कमी करायलाही मी तयार आहे.

पुढची मासिक सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. त्या दिवशी मी पाच पोती घेऊन येईन. एकाच कारखान्याचा, एकाच दिवसाचा माल, वेगळा केलेला. सहावं पोतं त्याच कारखान्याचं, त्याच दिवसाचं, पण मिसळलेलं असेल. माझ्याबरोबर ते मशीनशॉपचे स्टोअरकीपर यायला कबूल झाले आहेत. ठरावावर पुन्हा मत देण्याआधी सगळ्या संचालकांनी सहाही पोत्यांत हात घालून पाहावं आणि यातलं काय विकत घ्याल ते त्यांना विचारावं, एवढी विनंती.

आपली,
वसाहतीतील निवड-शेडची चालक व सभासद
इचलकरंजी